वीतभर लांबून

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना चुंबक आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी वैतागलेला आहे. गोड बोलणारी वस्तू हवी असेल तर शेजारच्या खणात काचेचं भिंग आहे. ते जे पाहील ते मोठं करून सांगतं.

माझा आकार घोड्याच्या नालेसारखा. पाठीला लाल रंग, दोन्ही टोकं उघडी. कारखान्यात पोलादाची कांब तापवली, वाकवली, पाण्यात चरचरवली आणि विजेच्या तारांच्या वेटोळ्यात ठेवली, तेव्हा माझ्यात ओढ आली. ती इतकी की मला खोक्यात भरणाऱ्या कामगाराची कात्रीच मी धरून बसलो. तो हसत म्हणाला, "सोड की बाबा, माझी आहे ती!" माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. त्यानंतर जमेच्या बाजूला फारसं काही पडलं नाही.

शाळेत आलो तेव्हा माझ्या दोन टोकांना जोडणारी मऊ लोखंडाची एक पट्टी सोबत होती. ती लावून ठेवली की माझी ताकद टिकते. तसं खोक्यावर लिहिलेलं होतं. पण खोक्यावरचं वाचतो कोण? महिन्याभरात ती पट्टी प्रयोगशाळेच्या लंगड्या टेबलाच्या पायाखाली गेली. अजून तिथंच आहे. टेबल डुलत नाही, मी मात्र दरवर्षी थोडा थोडा थकतो.

माझं खरं काम वर्षातून एकदाच. लोहकीस म्हणजे लोखंडाचा बारीक चुरा आणि पिवळं गंधक कागदावर एकत्र करायचं. हे झालं मिश्रण. दोघं शेजारी बसलेले, पण ज्याचं त्याचं मन ज्याच्या त्याच्याजवळ. मी फिरलो की लोखंड माझ्याकडे धावतं, गंधक जागचं हलत नाही. आता मला आधी कागदात गुंडाळलं, तर कागद काढताच कीस झटकन खाली पडतो. इतकी साधी गोष्ट! पण नाही. मला तसंच उघडं चुऱ्यात खुपसायचं, आणि मग मला जी दाढी फुटते ती महिनोन् महिने निघत नाही. कुणी नखानं खरवडतं, कुणी फुंकर मारतं. फुंकरीनं चुंबकाची दाढी निघते हे कुठल्या पुस्तकात वाचलं, देव जाणे.

प्रयोगाचा दुसरा भाग त्याहून जाचक. तेच मिश्रण परीक्षानळीत तापवायचं. ते आतून लाल होतं, निवतं आणि काळपट गोळा हाती येतो. हे संयुग. यात लोखंड आणि गंधक असे एक होतात की दोघांचे जुने गुण उरत नाहीत. म्हणून हा गोळा मला चिकटायला नको.

चिकटायचा! दरवर्षी चिकटायचा!

कारण आमचे जुने सर. पोरं त्यांना 'चमचे सर' म्हणायची. तराजू कपाटात असताना ते म्हणायचे, "वजन कशाला करत बसायचं? एक चमचा हे, एक चमचा ते. माझ्या हातातच काटा आहे." अहो, चमच्याला जागा कळते, वजन कुठं कळतं? चमचाभर लोखंड चमचाभर गंधकापेक्षा कितीतरी जड. गंधक आपल्या वाट्याचं लोखंड घेतं आणि थांबतं, उरलेलं लोखंड गोळ्यात तसंच पडून राहतं. मग मी ते ओढणारच की!

सरांनी यावर उपाय काढला होता. गोळ्यापासून वीतभर लांब धरून मला ते फिरवायचे आणि म्हणायचे, "पाहिलंत? चिकटला नाही!" अहो, मध्ये वीतभर हवा असताना मी चिकटू कसा? पण सगळी पोरं मान खाली घालून लिहायची, 'चुंबकाकडे आकर्षित होत नाही.' माझ्या नावावर इतकी खोटी साक्ष कुणी दिली नसेल.

सर निवृत्तीला आले आणि त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या, हंगामी. त्यांचा एक तास मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मागच्या बाकावर बसून पाहणार आणि मग त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार. विषय नेमका हाच प्रयोग.

सकाळी बाई तराजू काढायला गेल्या तर सर म्हणाले, "काय हो बाई, किराणा दुकान टाकताय का? ठेवा तो. चमच्यानं घ्या आणि गोळा आला की चुंबक जरा लांबून फिरवा. इतकी वर्षं कुणाची हरकत नाही."

बाई नवख्या. मोठ्या माणसाचा शब्द मोडणं जिवावर आलं. तराजू कपाटात परत गेला.

पण तास सुरू झाला आणि बाईंनी मला कागदात गुंडाळलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मिश्रण छान वेगळं झालं, दाढी फुटली नाही. मग दिवा, परीक्षानळी, लाल धग आणि फडक्यात धरून फोडलेली नळी. काळा गोळा बशीत आला. बाईंनी मला उचललं आणि वीतभर लांब धरलं.

पहिल्या बाकावर एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं, म्हणून वर्गात तिचं नावच पणती.

"पण बाई, मघाशी तुम्ही चुंबक अगदी चिकटवून फिरवला होतात. आता लांब का?"

मागच्या बाकावर मोठ्या बाईंशेजारी बसलेले सर खाकरले. बाईंचा हात थबकला. मग तो हळूहळू खाली आला, आणि गोळा टपकन मला येऊन लटकला.

वर्ग फिदीफिदी हसला. सर उठून म्हणाले, "चुंबक बिघडलाय तो! जुनाट आहे. फेकून द्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. 'हो' म्हटलं असतं तर त्या सुटल्या असत्या. नोकरी त्यांची, भंगारात मी.

"नाही सर," त्या म्हणाल्या, "चुंबक बरोबर सांगतोय. चूक मी केली. मी वजन केलं नाही."

त्यांनी पणतीला उभं केलं. एका हातात चमचाभर लोखंडाची पुडी, दुसऱ्यात चमचाभर गंधकाची. "कुठली जड?"

"ही काय बाई, लोखंडाची! केवढी जड आहे!"

"मग जास्तीचं लोखंड गेलं कुठं?"

"पण बाई... ते गेलंच नाही! गोळ्यातच आहे. म्हणून तर चिकटला!"

घंटा झाली. मोठ्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या, "पुढचा तास माझा गणिताचा आहे. तो तुम्ही घ्या. आणि तो तराजू काढा. मलाही आजवर हे कुणी जवळून दाखवलेलं नाही."

सात भार लोखंड, चार भार गंधक, वर चिमूटभर गंधक जास्त, कारण थोडं जळून जातंच. पुन्हा दिवा, पुन्हा धग. नवा गोळा बशीत आला आणि बाईंनी मला थेट त्याच्यावर टेकवलं.

मित्रांनो, काठावरचा एखादा चुकार कण सोडला, तर मला काहीच जाणवलं नाही. लोखंड आत होतं. मोजून घातलेलं, सगळंच्या सगळं. आयुष्यभर जे मला पाहताच धावत आलं, ते अंगाला अंग लागूनही मला ओळखत नव्हतं. संयुग म्हणजे काय, ते शिकवताना मी म्हातारा झालो, पण कळलं त्या दिवशी.

बाई कायम झाल्या. मी खणात परतलो. पोरं मला अजून उघडंच चुऱ्यात खुपसतात. आता हे बोलतोय तेव्हाही माझ्या हनुवटीला कीस लोंबतोय. म्हणून हात जोडून सांगतो, मला कागदात गुंडाळा आणि टेबलाखालची माझी पट्टी मला परत द्या, पायाखाली दुसरं काहीही सरकवा. आणि हे नाहीच जमलं तर निदान एक करा. मला विचारायचंच असेल, तर जवळ आणून विचारा.