उजवं दार

"अगं, जरा खालून दाब," हे म्हणाले. मी गुडघ्याने गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल दाबलं. तरी हँडलचं भोक काही जुळेना.

पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी मी गुडघा काढून घेतला, कारण तोवर मला कळून चुकलं होतं. काच वरखाली करायच्या हँडलची दांडी दाराच्या पत्र्यातून पुढच्या बाजूला बाहेर आली होती आणि आमच्या पॅनेलचं भोक होतं मागच्या बाजूला. हे मात्र पॅनेल इकडून तिकडे सरकवत होते. सरकवून सरकवून ते कुठेतरी बसेल अशी यांना आशा होती.

"अहो, हे डावं आहे."

"डावं तर कालच बसवलं की."

"तेच म्हणतेय मी. हेही डावंच झालंय."

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली बसले. अंगणात, गाडीच्या उघड्या दाराला टेकून, सरळ जमिनीवर.

ही गाडी महिनाभर आमच्या अंगणात उभी होती. दोन दारांची, चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुनी. दातांच्या एका डॉक्टरांच्या वडिलांची. वडील गेल्यावर डॉक्टरांनी ती पहिल्यासारखी करायला घेतली होती. इंजिन कुणाकडे, रंग कुणाकडे, आणि आतलं सगळं कुशनचं काम यांच्याकडे. दारांसाठी कथ्थई रेक्झिनचा एक गुंडाळा होता. वडिलांनीच तो कधीकाळी घेऊन माळ्यावर ठेवलेला. तो रंग आता कुठेच मिळत नाही. सीटा आणि दोन दारं एवढंच त्यात बसणार होतं, आणि बसलंही होतं. आता गुंडाळ्यातली हातभर चिंधी उरली होती.

चूक म्हणाल तर क्षुल्लक. कागदाचा फर्मा एका दारासाठी सुलटा ठेवायचा आणि दुसऱ्यासाठी पालथा. नुसतं प्लायवूड असतं तर तेच उलटं करून लावलं असतं, पण रेक्झिनला चांगली बाजू एकच. यांनी चौतीस वर्षं बसडेपोत सीटा केल्या. बसच्या सीटला डावं-उजवं नसतं. एकच फर्मा ठेवायचा आणि एकामागून एक कापत सुटायचं. हात त्याच सवयीने चालला.

निवृत्त झाल्यावर घरी येणारी कामंही थांबली आणि दोन वर्षं हे खिडकीपाशी बसून होते. दाढी चार-चार दिवस करायचे नाहीत. मी काही बोलले की "हं." हे काम आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आंघोळ करून, दाढी करून तयार! डॉक्टरांचे तीन मित्र जुन्या गाड्यांचे शौकीन होते, ते काम बघून आपल्याही गाड्या देणार होते. मला गाड्यांचं कौतुक नव्हतं. माझे खांदे दुखून दुखून गेले होते, पुढच्या खोलीत स्पंजाचा भुगा आणि सोल्युशनचा वास, पाहुणा आला तर बसवायचं कुठे हा प्रश्न. पण ती खिडकी मला परत नको होती.

"चारला येतायत डॉक्टर," हे म्हणाले.

"येऊ देत."

"काय सांगू त्यांना?"

मी दोन घास वाढून आणले, ते तसेच राहिले.

डॉक्टर चारच्या ठोक्याला आले. माणूस सज्जन, हसतमुख. आल्या आल्या डाव्या दारावरून हात फिरवला. "वा! मिस्त्री, टाके बघा, एका रेषेत! हात आहे हो तुमचा." मग उजवीकडे गेले आणि भिंतीला टेकवलेलं पॅनेल बघून थांबले. "हे बसवायचं राहिलंय?"

यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेले. "माझी चूक झाली, डॉक्टर. कापताना मी फर्मा उलटा करायला विसरले. दोन्ही डावीच झाली."

मी तशी खोटं बोलणारी बाई नाही. पण त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी मी हेच बोलले असते.

डॉक्टरांचा चेहरा पडला. वडिलांचं रेक्झिन होतं, राग यायलाच हवा होता. पण त्यांनी तो गिळला आणि हसून म्हणाले, "मिस्त्री, अहो वहिनींच्या हातात कात्री कशाला दिलीत?"

मी खाली मान घातली. मला वाटलं, चला, निभावलं.

"कात्री मी कुणाला देत नाही," हे म्हणाले. आवाज अगदी साधा. "कापलं मी. चूक माझी आहे."

"अहो..." मी म्हटलं.

"थांब जरा. आणि डॉक्टर, तुम्ही आत्ता ज्यांना वा म्हणालात ते टाके हिचे. सीटाही हिच्याच. डेपोतलं सोडा, घरी आलेलं प्रत्येक काम वीस वर्षं हिनेच शिवलंय. लोक मला वाखाणायचे, मी ऐकून घ्यायचो. आता तर हाताला कंप आहे. सुईत दोराही ही ओवते."

वीस वर्षांत हे मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ऐकावंसं मात्र पुष्कळदा वाटलं होतं. आणि ऐकलं तेव्हा आनंद झाला म्हणावं, तर तसंही नाही. यांच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, मग आता काय करायचं?"

मी सवयीने यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत होते.

"प्लायवूड पालथं करता येईल. रेक्झिनची अडचण फक्त भोकांची, आणि ती मधल्या भागात आहेत," मी म्हटलं. "तेवढा पट्टा कापून काढायचा आणि तिथे काळं रेक्झिन जोडायचं. नवी भोकं त्या काळ्या पट्ट्यात. वरचं-खालचं कथ्थई तुमच्या वडिलांचंच राहील. पण मग डाव्या दारालाही तसाच पट्टा हवा, नाहीतर ठिगळ दिसेल."

"म्हणजे हे चांगलं झालेलं उसवणार?"

"उसवावं लागेल."

त्यांनी डाव्या दाराकडे एकदा पाहिलं. "किती दिवस लागतील?"

हा प्रश्न आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाने यांना विचारला होता. मी म्हटलं, "आठ दिवस द्या." काम पाच दिवसांचं होतं. पण खांदे माझे होते.

डॉक्टर गेल्यावर आम्ही डावं पॅनेल काढलं. पिना एकेक करून उपसल्या, रेक्झिन सोडवून पाटावर पसरलं. मी पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या आणि ब्लेड घेतलं.

हे समोर येऊन बसले. न सांगता रेक्झिनची दोन टोकं ताणून धरली.

"घट्ट धरलंय ना?" मी विचारलं.

"धरलंय."

त्यांच्या हातात रेक्झिन थरथरत होतं. मी ब्लेड टेकवलं, ते जरा स्थिर व्हायची वाट पाहिली आणि तेवढंच बोटभर कापलं. मग पुन्हा थांबले.