मशीनची खंडेनवमी

लोक ह्यांच्या हातून तीर्थ घेईनासे झाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. पळीने तर देतात, हात लागतो कुठे? पण इथे काशीत, पंचगंगा घाटावर, कोल्हापूरहून आलेली एक यजमानीण ह्यांच्या मनगटावरचे खवल्यांचे चट्टे बघून म्हणाली, "राहू द्या गुरुजी, नंतर घेते." नंतर म्हणजे कधी, बाई? गावी पोचल्यावर? त्या दिवसापासून हे पूजा सांगायचे आणि तीर्थाची वेळ आली की भांडं दुसऱ्याकडे सरकवायचे. माणूस आतून खचत चालला होता हो.

शेवटी मीच त्यांना डॉक्टर विश्वजीतांकडे ओढून नेलं. आपलेच, रेल्वेतल्या मराठी साहेबांचे चिरंजीव. दवाखान्याच्या भिंतीवर ही मोठ्ठी पाटी, 'सोरायसिस छूने से नहीं फैलता'. डॉक्टरही तेच म्हणाले, "काकू, ह्याची लागण होत नाही. निर्धास्त राहा."

मी म्हटलं, "मी काळजी घेतेच हो. पंचा वेगळा, साबण वेगळा, पांघरूण वेगळं."

डॉक्टर नुसते हसले.

मग आठवड्यातून दोन चकरा सुरू झाल्या. दुर्गाघाटच्या गल्ल्यांतून पायी, पुढे रिक्षा. हे डोळ्यांवर काळा चष्मा चढवून बसायचे, डॉक्टर एकेका चट्ट्यावर लेसरची नळी टेकवायचे, की झालं. चौदा खेपांत खवले गेले, नुसते फिकट डाग राहिले. तेवढ्यात दवाखान्यात नवीन मशीन आलं आणि डॉक्टर आपणहून म्हणाले, "गुरुजी, खंडेनवमीला ह्याची पूजा तुम्हीच सांगायची."

अहो, हे आठ दिवस हवेत होते! "सगळ्या पेशंटांसमोर खुद्द डॉक्टर माझ्या हातून तीर्थ घेतील," मला म्हणाले, "मग कोण मागे सरतंय बघ."

पूजा छान झाली. मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. ह्यांनी तीर्थाचं भांडं उचललं, तोच डॉक्टर अगदी गोड आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुम्ही दमलात. तीर्थ आमची नीरजा वाटेल." नीरजा म्हणजे तिथे नंबर लावणारी मुलगी.

"यजमानाने आधी घ्यायचं असतं," हे म्हणाले आणि त्यांनी पळी पुढे धरली.

डॉक्टरांनी घेतलं. घेतलं बरं का, प्यालेसुद्धा. मग ओला हात डोक्यावरून फिरवायचा, तर तो गेला भिंतीवरच्या सॅनिटायझरकडे. त्याच पाटीखाली! वीसेक पेशंट बघत होते. एकेकाच्या कोपरावर ह्यांच्यासारखेच चट्टे, पण रांग लागली ती भांडं नीरजाच्या हाती गेल्यावरच.

घरी येईपर्यंत माझं तोंड बंद नव्हतं. "शिकलेला माणूस! पाटी लावतो वर! जनाची नाही तर मनाची तरी!" हे पुढे चालत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना, दिसत होतं मला. अंगणात पाय धुतानाही मी बोलतच होते.

आमच्या अंगणात दोन दोऱ्या आहेत. मोठीवर माझी लुगडी, चादरी, सगळ्यांचे टॉवेल. कोपऱ्यातल्या छोटीवर एकटा ह्यांचा पंचा. हे ओल्या हातांनी कोपऱ्यापर्यंत गेले, त्यांनी तो ओढून घेतला. माझं बोलणं तिथेच थांबलं.

"जाऊ दे गं," हात पुसत म्हणाले, "सवय असते माणसाला. मनात काही नसतं त्याच्या."

ते डॉक्टरांबद्दलच बोलत होते. मला मात्र मान वर करवेना.