तोंडी आवतण

आमच्या खर्ड्यात लग्नपत्रिका छापली तरी गावातलं आवतण तोंडीच द्यावं लागतं. उंबऱ्याशी उभं राहून, घरातल्या थोराचं नाव घेऊन. एखादं घर चुकलं की कायमचा रुसवा. आमच्या घरचं हे काम माझे आजोबा इब्राहिम, म्हणजे आमचे दादा, करत आले.

पण गेल्या वर्षी त्यांचे गुडघे धरले. दादा बाजेवर बसले आणि बसल्या बसल्या नावं विसरायला लागले. मला, मेहविशला, चक्क आत्याच्या नावानं हाक मारायचे. थोरल्या बहिणीचं, फलकचं, लग्न ठरलं तेव्हा अब्बांनी सांगून टाकलं, "आवतन मी देतो. दादांच्यानं आता व्हायचं न्हाई." त्या दिवशी दादा जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

जामखेडच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि रोज चालवा म्हणाले. पाय हलते राहिले की डोकंही तरतरीत राहतं. ते काम माझ्या गळ्यात पडलं. दादा मला शिव्या घालत किल्ल्यापर्यंत चालायचे. मीही कमी नाही, परतल्याशिवाय चहा द्यायचे नाही. हळूहळू शिव्यांना धार आली आणि नावंही परत येऊ लागली.

अब्बा नरमले. "जाऊ द्या त्यांना. पन एक जरी घोटाळा झाला, तर बाकीचं मी बघनार."

दादांनी गल्लीमागून गल्ली उरकली. कुणाची सून बाळंतपणाला गेलीय, कुणाची म्हैस आटलीय, सगळं विचारत. सोबत चालताना मी खुशीत होते. आणि मग ते मच्छिंद्रकाकांच्या दारात उभे राहिले. शेताच्या बांधावरून भांडण झाल्यापासून त्या घराशी आमचं बोलणं बंद होतं.

"मच्छिंद्रा, फलकचं लगीन हाय. समद्यांनी यायचं."

काका बघतच राहिले. "इब्राहिमभाई, आपलं बोलनं बंद हाय. इसरला व्हय?"

"आसंल बाबा. कशापायी?"

संपलं, मी मनात म्हटलं. आता अब्बांना काय सांगू? पण काका एकदम हसायला लागले. "मलाबी नीट आठवंना बघा," म्हणाले आणि आत चहा टाकायला सांगितला.

बाहेर पडल्यावर मी भीत भीत विचारलं, "दादा, खरंच विसरलात?"

"बांधावरची बाभळ त्यानं तोडली. वर शिवीबी त्यानंच दिली. कंची, ते तुला सांगत न्हाई."

मी भर रस्त्यात त्यांना मिठी मारली.

"सोड," दादा म्हणाले. "खालची आळी राहिलीय अजून."