मावलीच्या कोंडाचा भोपळा

मैनाचे लग्न झाले त्या वर्षी मी छपरावर धरलो. साल १९५७. मैना ही आमच्या घरच्या येसूबाईची नणंद. मार्गशीर्षात तिला पोशीरला दिली. लग्नाच्या भाजीसाठी छपरावरचे सगळे भोपळे उतरवले, पण मी कोनाजवळ पानांखाली झाकलेला राहिलो आणि पंगतीतून वाचलो.

मित्रांनो, मी एक जुना दुधी भोपळा आहे. माझे पोट मोठे, मान बारीक. उन्हाळाभर मी वेलावरच वाळलो. कातडे लाकडासारखे टणक झाले, पोटातल्या बिया सुकल्या. मला हलवले की मी खुळखुळ्यासारखा वाजायचो. येसूबाईने मला बियाण्यासाठी ठेवले होते. पण तिचा दीर धाकलू याची नजर माझ्यावर होती. त्याने अंबाडीच्या दोरीची जाळी विणून माझ्या अंगावर चढवली आणि पाठीला बांधायला दोन बंद सोडले.

आमची वाडी भिवपुरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. पुढे भाताची खाचरे, मागे डोंगर. डोंगरावरून धार पडते आणि खाली खडकात पाणी साठते. त्याला मावलीचा कोंड म्हणतात. काठावर शेंदूर लावलेला एक दगड आहे, तीच मावली. पाऊस ओसरला की कोंडाचे पाणी इतके निवळते की तळाचे गोटे मोजावेत. पाय सोडून बसले तर बारीक मासे येऊन बोटांना चावे घेतात, आणि रडणारे पोरही हसू लागते. दिवसभर चिखलात राबलेली माणसे संध्याकाळी त्या पाण्यात उतरत, आणि बाहेर येताना त्यांचे चेहरे निराळेच दिसत. असे पाणी दाराशी असताना त्यात उतरू नको असे कोणाला सांगणार?

वाडीची एक रीत होती. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पोहायचे, त्या दिवशी मावलीला नारळ फोडायचा आणि एक वाळका भोपळा थेट धारेखाली टाकायचा. भोपळा काठाला परत आला की मावलीने मोकळीक दिली. मग सगळ्यांनी उड्या घ्यायच्या.

माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी असाच एक भोपळा सोडला होता. तो परत आला. येसूबाईचा नवरा गजा वरच्या खडकावर चढला आणि धारेखाली उडी घेऊन गेला, तो वर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या खालच्या वळणावर सापडला. भोपळा तर आला होता, मग चूक कोणाची? लोक म्हणाले, गजाचीच असणार. पायात वहाणा घालून मावलीच्या खडकावर चढला असेल, काहीतरी विटाळ केला असेल. विहिरीवरचे हे बोलणे येसूबाईच्या कानावर येई. ती घागर उचलून निघून जाई.

तिचा एकच मुलगा, पदू. तो आठ वर्षांचा झाला तेव्हा धाकलूने मला काखेत मारले आणि चुलीपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "वयनी, पदूला पवायला शिकवतो."

"त्या कोंडाचं नाव माज्या दारात काडू नका, भावजी."

"तू नाय म्हनशील, मीबी नाय म्हनेन. पन पोरगा पान्यावर जायचा थांबंल का? न शिकता गेला तर काय करशील?"

येसूबाईने चुलीतली लाकडे पुढे सारली. मग म्हणाली, "मी काठावर बसनार."

"बस की. येताना भाकरी आन."

त्या दिवाळीपर्यंत मी पदूच्या पाठीवर होतो. पहिल्या दिवशी तो काकाच्या मानेला असा लटकला की धाकलूचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. "अरं, माजा गळा कशाला धरतोस? पानी धर, पानी," असे म्हणून त्याने पदूला सोडून दिले, आणि मी त्याला वर उचलून धरले. ते छोटे अंग माझ्या भरवशावर तरंगत होते. मित्रांनो, आयुष्यात याहून मोठे सुख मला मिळाले नाही. हळूहळू धाकलू माझे बंद सैल करत गेला. मी पाठीवरून पोटाखाली आलो, पोटाखालून हातात, आणि एके दिवशी पदू एकटाच काठाला लागला. मी मागे एकटा तरंगत राहिलो. येसूबाईने भाकरी काढली आणि पहिला तुकडा त्याला न देता माझ्यापुढे ठेवला. बाकीच्या बाया हसल्या. पण त्याच बायांनी पुढे आपली पोरे धाकलूकडे आणून सोडली. वाडीतले प्रत्येक पोर माझ्या पाठबळावर पोहायला शिकले, मुलीसुद्धा.

आता रीतीचा भोपळाही मीच झालो. दर वर्षी मला धारेखाली टाकत, दर वर्षी मी परत येई आणि पोरे ओरडत, "मोकळीक!" लोक मला हळदकुंकू लावत. मला वाटे, मावली माझेच ऐकते.

१९६६ साली घटस्थापनेच्या आधी कोंडावर सारी वाडी जमली होती. घरातल्या सगळ्या गोधड्या तेव्हा धुवायच्या असतात, म्हणून बाया काठावर गोधड्या बडवत होत्या. धार अजून जोरात होती. मला सोडले, मी परत आलो. पदू आता सोळा वर्षांचा होता. त्याचा सोबती कमळ्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "पदू काय धारंत उडी घेनार? आधी आयेला इचारंल." पदू तडक वरच्या खडकावर चढला. त्याच खडकावर, जिथून त्याचा बाप गेला होता.

येसूबाई उठली. मी तिच्या पायाशी लागलो होतो. तिने मला उचलले, हातात तोलून पाहिले, कानाशी हलवले. मग वर पाहून म्हणाली, "पदू, थांब. आधी माजी गोधडी जाऊ दे."

ती गोधडी गजाच्या जुन्या धोतरांची होती. येसूबाईने ती ओली गोधडी गुंडाळून घट्ट बांधली आणि पोराच्या पाठीला बांधावे तसे मला तिच्यावर बांधले. धाकलू म्हणाला, "वयनी, ह्ये काय करतेस? भोपळा तर परत आला."

"हा पोकळ हाय, भावजी. पदूचा बा पोकळ नवता."

आधी तिने आम्हाला काठाजवळ सोडायला लावले. मी गोधडीला व्यवस्थित तरंगत ठेवले. मग धाकलूने आम्हाला उचलून धारेखाली लोटले.

मित्रांनो, एकटा असताना धार मला टपली मारून बाहेर ढकलत असे. या वेळी तिने मला खाली दाबले. तिथे पाणी पाणी नव्हतेच, नुसता फेस होता. वर येण्यासाठी जोर लावावा तर फेस हातचा निसटे. धारेमागे कातळ आत पोखरलेला आहे. पाणी फिरून फिरून आम्हाला त्या कपारीत नेई, आणि गोधडीचे टोक तिथे अडकले. इतकी पोरे तारणारा मी, एक गोधडी वर आणू शकलो नाही. गजाने शेवटी काय पाहिले असेल, ते मी पाहिले.

वर सगळी माणसे पाण्याकडे बघत उभी राहिली. खडकावर पसरलेल्या गोधड्या वाळत आल्या तरी आम्ही वर आलो नाही. पदू आपल्या पायाने खाली उतरला आणि आईजवळ येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पाण्याने आम्हाला सोडले. आम्ही ओढ्याच्या खालच्या वळणावर सापडलो, जिथे गजा सापडला होता तिथेच. माझ्या मानेवर कातळाचा ओरखडा उठला होता, तो अजून आहे. धाकलू गोधडी खांद्यावर टाकून वाडीतून चालत आला. ती सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर विहिरीवर गजाच्या वहाणांची गोष्ट कोणी काढली नाही. रीतही बदलली. नारळ फुटतो, पण भोपळ्याचा कौल घेत नाहीत. पोहायचे ते काठाकडच्या संथ पाण्यात, आणि धारेखाली कोणी जायचे नाही, कितीही चांगला पोहणारा असो.

पुढे खोपोलीहून लॉरीच्या रबरी ट्यूबा आल्या. पोरांना त्या आवडल्या आणि मी माळ्यावर गेलो. धूळ बसली, उंदरांनी जाळी कुरतडली. रविवारी शहरातली मुले कोंडावर येऊ लागली. १९८२ च्या श्रावणात आलेल्यांतला एक कमरेला ट्यूब लावून धारेखाली गेला. वाडीत कोणाला त्यांनी विचारले नव्हते. ट्यूब तेवढी काठाला आली. पदूने त्याला खालच्या वळणावरून काढले. घरी आल्यावर त्याने मला माळ्यावरून उतरवले, पुसले आणि दाराशी टांगले. आता कोंडाकडे जाणारा कोणी दिसला की तो त्याला हाक मारतो, माझ्या मानेवरचा ओरखडा दाखवतो आणि काठाची वाट सांगतो.

मित्रांनो, पाण्यावर रागावू नका. जरूर या, मासे पायांना चावू द्या. पण उतरण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, आणि फेसाळ पाण्यात जाऊ नका. तिथून हलके तेवढे परत येते. तुम्ही हलके नाही, तुमच्या घरी तुमचे वजन फार आहे.

गजा १९५६ साली कोंडात गेला. धाकलू १९७९ साली तापाने गेला, घरी, भावाच्या मुलाच्या मांडीवर. येसूबाई १९८४ च्या माघात झोपेत वारली. तिच्या अंगावर तीच गोधडी होती.