मनोरीचे ऊन आणि लिंबाचे तेल

मित्रांनो, मी जुनी आहे, काचेची आहे आणि रंगाने गडद तपकिरी आहे. आजकाल प्लास्टिकच्या बाटल्यांचे राज्य असल्यामुळे माझ्यासारख्या तुम्हाला फारशा दिसत नसतील. म्हणून माझी हकिकत मीच सांगते.

भट्टीत वितळलेल्या काचेचा लालबुंद गोळा साच्यात पडला, आतून हवेचा दाब बसला आणि मला पोट, खांदे आणि मान मिळाली. माझा रंग मुद्दाम गडद ठेवला होता. उजेडाने औषधे बिघडतात, म्हणून त्यांच्या बाटल्या अशा असतात. पुढे मी घाटकोपरच्या एका दवाखान्यात आले. तिथले कंपाउंडर माझ्यात खोकल्याचे औषध भरत. मुले मला पाहून तोंड वाकडे करत. पण बरी झाली की त्यांच्या आया मला धुऊन परत आणून देत. असे किती खोकले मी बरे केले, ते आता आठवत नाही. मग तयार औषधांचे दिवस आले, डॉक्टर थकले आणि दवाखाना बंद झाला. उरलेल्या आम्ही बाटल्या एका खोक्यात भरून त्यांच्या मुलाच्या मुलुंडच्या घरी गेलो आणि तिथल्या माळ्यावर पडून राहिलो. माळ्यावर धूळ होती, अंधार होता आणि काम काहीच नव्हते.

मला खाली उतरवले ते डॉक्टरांच्या सुनेने, पद्मजाताईंनी. अंधेरीच्या एका ऑफिसात त्यांची उभी हयात वातानुकूलित खोलीत गेली होती. हातापायांची कातडी कोरडी पडली होती, टाचांना भेगा होत्या. नोकरी मुदतीआधी सोडल्यावर त्यांनी लाकडी घाण्याचे तिळाचे तेल आणले. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच त्या ते थोडेसे चोळू लागल्या. कातडी मऊ झाली, तसा त्यांचा हुरूप वाढला. तीळ, खोबरे, बदाम, अशी वेगवेगळी तेले घरात येऊ लागली. आम्हा बाटल्यांना त्यांनी गरम पाण्याने धुतले आणि सावलीत उपडे घालून कडकडीत वाळवले. आत पाणी राहिले तर तेल लवकर बिघडते, हे त्यांना ठाऊक होते.

ओट्यावर आमची रांग पाहून त्यांचे यजमान सुबोधराव म्हणाले, "काय गं, बाबांचा दवाखाना परत उघडतेस की काय?"

"उघडला तर तुला कंपाउंडर ठेवीन," पद्मजाताई म्हणाल्या.

हळूहळू सोसायटीतल्या बायका तेल मागू लागल्या. पद्मजाताई ते मनापासून करत. भेसळ त्यांना खपत नसे. तेल हुंगून, बोटावर चोळून पाहिल्याशिवाय त्या घेत नसत. पण एक समजूत त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. जे झाडापासून मिळते, ते अपाय करणारच नाही, असे त्यांना वाटे.

समोरच्या दारात त्यांची मैत्रीण शुभाताई राहत. दोघींचा वीस वर्षांचा घरोबा. शुभाताईंची मुलगी इरावती बँकेत होती आणि तिचे श्रेयसशी लग्न ठरले होते. तिच्या गालांवर जुन्या मुरमांचे फिकट डाग होते. ती पद्मजाताईंना म्हणाली, "मावशी, लग्नाआधी हे घालवायला काहीतरी दे ना."

पद्मजाताईंनी माझ्यात खोबरेल भरले. मग एका लहानशा कुपीतून लिंबाच्या सालीचा अर्क त्यात टाकला. मित्रांनो, असे अर्क फार तीव्र असतात. ते नुसते कधीच लावायचे नसतात. साध्या तेलात अगदी थोडे मिसळून लावतात. त्या साध्या तेलाला वाहक तेल म्हणतात, कारण ते अर्काला आपल्याबरोबर त्वचेवर वाहून नेते. किती तेलाला किती अर्क, याचे माप असते. पद्मजाताईंनी माप पाहिले नाही. छान वास सुटेपर्यंत त्या ओतत राहिल्या.

"सकाळ-संध्याकाळ लाव. डाग जातील," त्यांनी इराला सांगितले आणि मला तिच्या हातात दिले. तेच तेल त्यांनी आणखी काही जणींनाही दिले.

पुढच्याच रविवारी इरा आणि श्रेयस लग्नाआधीचे फोटो काढायला मनोरीच्या समुद्रकिनाऱ्याला निघाले. इराच्या पिशवीत मीही होते. मार्वेच्या धक्क्यावरून होडीत बसल्यावर इराने माझे झाकण उघडले आणि चेहऱ्याला, गळ्याला, हातांना भरपूर तेल चोपडले. फोटोत चमक यावी म्हणून.

"अगं, मांदेली तळायला निघालीस का?" श्रेयस म्हणाला.

बोरिवलीची अक्षता नावाची तरुण मुलगी मेकअप करायला बरोबर होती. तिने इराच्या चेहऱ्यावरचे जास्तीचे तेल टिपले आणि रंग लावले. दिवसभर वाळूत, उन्हात फोटो काढणे चालले. संध्याकाळी सगळी खुशीत परतली.

सोमवारी काही झाले नाही. मंगळवारी इरा उठली ती आग आग करत. गाल आणि गळा लाल झाले होते. बुधवारी गळ्यावर आणि हातावर फोड आले. लग्न तीन आठवड्यांवर आले होते.

शुभाताई संतापल्या. त्यांनी अक्षताला फोन लावला. "काय घाणेरडं सामान वापरतेस गं तू? माझ्या पोरीच्या तोंडाची वाट लावलीस! मी सगळीकडे लिहिणार आहे. बघते तुला पुन्हा कोण काम देतं ते."

फोनमधून अक्षताचा रडवेला आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "काकू, माझं रोजचंच सामान आहे ओ. मी कशाला कुणाचं वाईट करीन?"

पद्मजाताई इराचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. एकाएकी त्यांचे लक्ष त्या हातावर खिळले. मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल पट्टा गेला होता, काहीतरी ओघळून यावे तसा.

"इरा, तिने हातालाही मेकअप केला होता का गं?"

"नाही मावशी. हाताला फक्त तुझं तेल होतं. ओघळ आला होता बघ कोपरापर्यंत."

मी समोरच टेबलावर होते. पद्मजाताईंनी माझ्याकडे पाहिले. त्या गप्प राहिल्या असत्या तर कोणालाच काही कळले नसते. शुभाताईंचा राग अक्षतावर निघाला असता, पद्मजाताईंची मैत्री टिकली असती आणि तेलही खपत राहिले असते. पण त्या उठल्या.

"शुभा, फोन ठेव. तिचं काही चुकलेलं नाही. हे माझ्या तेलाने झालंय."

"काहीतरीच काय बोलतेस? तेलाने असं होतं का कधी?"

"मला नाही माहीत. पण हाताला दुसरं काही लागलेलंच नाही."

संध्याकाळी तिघी मला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर वयाने लहानच होत्या. त्यांनी इराचा गळा पाहिला, माझे झाकण काढून वास घेतला आणि विचारले, "लिंबू? आणि हे लावून उन्हात गेला होतात?"

पद्मजाताईंनी सगळे सांगितले. अर्क मापाशिवाय ओतला होता, तेही. "अंदाजच नाही घेतला," त्या म्हणाल्या.

"लिंबाच्या सालीचा अर्क अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते," डॉक्टर म्हणाल्या. "बरं वाटेल, पण डाग फिके व्हायला काही महिने लागतील. घासायचं नाही, उन्हात जायचं नाही. मी देते त्याशिवाय चेहऱ्याला काही लावायचं नाही. हळदही नाही. आणि मुरमांचा त्रास असेल तर खोबरेलही चेहऱ्याला नको. काहींची रंध्रं बुजतात त्याने."

जिना चढून आल्यावर शुभाताई आपल्या दारात थांबल्या. "तुझ्या हातचं काहीही मी डोळे मिटून घेत आले, पद्मा," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

पद्मजाताईंनी त्याच संध्याकाळी लिंबाचे सगळे तेल जुन्या वर्तमानपत्रांत जिरवून कचऱ्यात टाकले. ज्यांना ज्यांना ते दिले होते, त्यांना फोन करून परत मागितले. कोणी हसण्यावारी नेले, कोणी पुन्हा तेल घ्यायचेच सोडले. अक्षतालाही त्यांनी फोन केला. "बाळ, तुला ऐकून घ्यावं लागलं ते माझ्यामुळे," त्या म्हणाल्या.

मग त्या पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या, या वेळी शिकायला. तेल द्यायच्या आधी समोरच्याला विचारायचे असते: बदामाचे, तिळाचे वावडे आहे का? मुरमे येतात का? कुठे जखम, चिरा आहेत का? नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस पाहायचे असते. खाज सुटली, लाली आली, तर धुऊन टाकून थांबायचे असते. पद्मजाताईंनी हे सगळे ऐकले आणि घरी येऊन सुबोधरावांना म्हणाल्या, "ऑफिसात साधा कागद दोनदा तपासल्याशिवाय सही करत नव्हते मी. आणि इथे पोरीच्या चेहऱ्यावर..."

लग्न जवळ आले. फोड बसले होते, पण गळ्यावर तपकिरी पट्टे राहिले होते. हळदीचा विषय निघाला तेव्हा इराने सांगून टाकले, "चेहऱ्याला आणि गळ्याला नाही. फक्त पायांना लावायची. आणि तेल पद्मामावशीचंच."

"इरा, पुरे झालं," शुभाताई म्हणाल्या.

"आई, मावशीने स्वतःहून सांगितलं नसतं, तर आपण अजून त्या अक्षताशीच भांडत बसलो असतो. औषध भलत्याच गोष्टीवर चाललं असतं."

शुभाताईंनी बाजारातून आणायच्या यादीतले तेल खोडले.

हळदीच्या काही दिवस आधी पद्मजाताई मला घेऊन समोरच्या दारात उभ्या राहिल्या. माझ्यात साधे तिळाचे तेल होते, त्यात दुसरे काही नव्हते. एका वाटीत त्यांनी त्या तेलात हळद कालवली. जे लावायचे तेच आधी तपासायचे. इराने हात पुढे केला. कोपराच्या आत पद्मजाताईंनी एक ठिपका लावला.

तेवढ्यात शेजारून दुसरा हात पुढे आला. शुभाताईंनी बाही वर सारली होती.

"मलाही लाव."

"तुझ्या हातावरून इराचं काय कळणार, शुभा? ज्याची त्वचा त्यानेच बघायचं."

"इराचं नाही गं. हळद लावणार मी. माझ्या हाताला तेल लागणारच ना?"

पद्मजाताईंनी बोट वाटीत बुडवले, पण हात वाटीवरच थांबवला.

"थांबलीस कशाला?" शुभाताई म्हणाल्या. "मी कुठे पळून नाही जात. लाव."

दोघींच्या हाताला काही झाले नाही. हळद पायांना लागली. लग्नात अक्षतानेच मेकअप केला, डॉक्टरांना विचारून, अगदी हलका. गळ्यावरचे पट्टे झाकू नकोस, असे इराने तिला सांगितले होते. फोटोंत ते स्पष्ट दिसतात. पाहुण्यांनी विचारले की इरा सगळी गोष्ट सांगे आणि शेवटी त्यांना बजावे, "लिंबू लावून उन्हात जाऊ नका हं."

मित्रांनो, मी आता ओट्यावर, गॅसजवळ राहत नाही. मला बंद कपाटात, थंड जागी ठेवतात. पद्मजाताई अजून तेल देतात, पण आधी खूप प्रश्न विचारतात. काही जणांना त्यांनी तेल दिलेच नाही, डॉक्टरांकडे पाठवले.

आमच्यात काय भरायचे, हे आम्हा बाटल्यांना ठरवता येत नाही. ते तुम्ही ठरवता. तुमच्या घरात कुठेतरी उन्हात, खिडकीत, एखादी तेलाची बाटली विसरलेली असेल. आज तिचे झाकण काढून हुंगून पाहा. वास खवट आला तर ते तेल अंगाला लावू नका. बाटली मात्र टाकू नका. तिला नीट धुवा, पुसा आणि वाळवा.