दिनिशचं पाकीट

ओडिलिया रेझेंडिसने भर जेवणावळीत आपल्या अपंग भावाचं पैशांचं पाकीट पळवलं, ही बातमी अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या पोर्तुगीज वस्तीत पसरायला एक दुपार पुरली. बातमीत चूक म्हणाल तर एवढीच, की पाकीट दिनिशच्या हातात पडलंच नव्हतं. त्याआधीच ओडिलियाने झडप घातली होती.

ती साठीची, स्कूलबसच्या कचेरीतून निवृत्त झालेली. तीस वर्षं अठ्ठावीस बसगाड्या वेळेवर सोडल्या, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट नियमाने वागली की चालू राहते, असा तिचा पक्का समज. दिनिश तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. जन्मापासून हातपाय ताब्यात नाहीत, चाकाची खुर्ची, बोलणं संथ आणि ओढून ओढून. डोकं मात्र तिच्यापेक्षा तल्लख, आणि हे दोघांनाही ठाऊक.

त्याला सरकारकडून दरमहा भत्ता मिळे. सकाळ-संध्याकाळ मदतनीस येई, दवाखान्याचा खर्च भागे. हे सगळं तो गरीब आहे म्हणून, आणि गरीब म्हणजे नावावर दोन हजार डॉलरहून जास्त असता कामा नये. वडील जाताना घर विकून आलेली रक्कम त्याच्या नावावर धरली जाऊ नये म्हणून एका ट्रस्टमध्ये ठेवून गेले आणि किल्ली ओडिलियाकडे दिली. ट्रस्टच्या वकीलबाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की बूट घ्या, टीव्ही घ्या, फिरायला न्या, पैसे थेट दुकानदाराला द्या. दिनिशच्या हातात रोकड पडली की भत्त्यातून तेवढी कापली जाईल, आणि साठली तर सगळंच बंद. ओडिलियाने हे इतकं मनावर घेतलं, की न्हावीसुद्धा तिला बिल पाठवायचा: दाढी, एक.

त्या रविवारी दिनिशचा एकोणपन्नासावा वाढदिवस होता. वस्तीच्या क्लबात केलची पालेभाजी घातलेलं सूप झालं, शोरिसोचे मसालेदार सॉसेज झाले, आणि क्लबाचे अध्यक्ष सेराफिम पाशेको माइकपाशी उभे राहिले. ते वडिलांचे जुने दोस्त, मासळीच्या धंद्यातून निवृत्त झालेले, बोलताना डोळे पुसायची सवय. सगळ्यांनी मिळून सव्वीसशे डॉलर जमवले होते. नोटा जाडजूड पाकिटात घालून ते दिनिशच्या खुर्चीकडे निघाले. लोक टाळ्या वाजवत होते. ओडिलियाच्या डोळ्यांपुढे मदतनिसाची रिकामी खुर्ची आणि सरकारी पत्रांचा गठ्ठा उभा राहिला.

"हात लावू नकोस," ती ओरडली आणि दोन टेबलांमधून वाट काढत धावली. तिच्या धक्क्याने एक सूपचं भांडं कलंडलं. पाकीट तिने सेराफिमच्या बोटांमधून ओढून घेतलं. मग सगळे आपल्याकडेच बघतायत हे लक्षात आलं, आणि ती पाकीट छातीशी धरून चक्क बाहेर चालती झाली. मागे माइक चालूच होता. त्यातून सेराफिमचा हुंदका साऱ्या सभागृहाला ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी ती पाकीट परत द्यायला गेली. सेराफिमनी दार उघडलं नाही. खिडकीतून म्हणाले, की दिलेलं दान आमच्या घरात परत येत नाही, ज्याचं आहे त्याला दे. ज्याचं आहे त्यालाच देता येत नाही, हे तिने अंगणातून सांगायचा प्रयत्न केला, तेवढ्यात शेजारच्यांनी पडदा सरकवला. मंगळवारी ती पुन्हा गेली, गुरुवारी पुन्हा. बेकरीत इल्डाबाईंनी तिला गोड पाव बांधून देताना विचारलं, "सुट्टे आहेत ना? की मोठ्या नोटाच?" वकीलबाई म्हणाल्या, तो पैसा अजून क्लबाचाच आहे, ट्रस्टमध्ये मिसळू नका, त्यांना काहीही करून परत घ्यायला लावा. काहीही म्हणजे काय, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

एकच माणूस हे मिटवू शकत होता. दिनिश दर रविवारी क्लबात पत्ते खेळायला जात होता. तो चार वाक्यं बोलला असता, तर काम झालं असतं. तो काही बोलला नाही. तीन आठवडे.

शेवटी ओडिलिया त्याच्याकडे जाऊन बसली. "तू सांगत का नाहीस त्यांना? मी काय चोर आहे?"

"नाहीस." दिनिश सावकाश म्हणाला. "पण मजा येते."

"मजा?"

"आजवर मी क्लबात शिरलो की लोक मान वाकडी करून बघायचे. बिचारा म्हणून. आता विचारतात, दिनिश, तुझ्या बहिणीचं काय चाललंय रे?" तो श्वास घ्यायला थांबला. "आणि उत्तरासाठी थांबतात."

ओडिलियाला रडू यायचं ते हसू आलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, की हे सगळं तुझ्या भल्यासाठीच केलं ना.

"माहीत आहे. पण क्लबाने ठरवलं मला पैसे द्यायचे. तू ठरवलंस नाही द्यायचे. मला काय हवंय, ते तुम्ही दोघांनीही विचारलं नाहीत. मी तिथेच बसलो होतो, ओडी. दोघांच्या मधोमध."

यावर तिच्याकडे नियम नव्हता. तिने विचारलं, "मग काय हवंय तुला?"

त्याला समुद्रात मासे धरायला जायचं होतं. लहानपणापासून. वडील सेराफिमच्या बोटीवर जात, तेव्हा हा धक्क्यावर राहायचा.

पुढच्या रविवारी दिनिशने क्लबात माइक मागितला. सेराफिमनी तो त्याच्या तोंडाशी धरला. पत्ते थांबले.

"माझ्या बहिणीने," दिनिश म्हणाला, "माझे पैसे," आणि पाणी मागितलं. पाणी आलं. तो निवांत प्यायला. कोपऱ्यात ओडिलिया पाकीट मांडीवर ठेवून बसली होती. "चोरलेले," तो पुढे म्हणाला आणि खोकला. इल्डाबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. "नाहीत."

मग त्याने सगळं सांगितलं, त्याच्या गतीने, सव्वीस मिनिटं. मध्ये कुणी वाक्य पुरं करून द्यायला गेलं, तर तो तेच वाक्य पहिल्यापासून सुरू करी. दोनदा तसं झाल्यावर कुणी धजलं नाही. शेवटी म्हणाला, की पैसे परत घ्या आणि मला बोट करून द्या. बोटवाल्याला तुम्ही द्या. माझ्या हातात फक्त गळ.

सेराफिम अर्थातच रडले. पाकीट त्यांनी घेतलं, ओडिलियाच्या दोन्ही गालांची पापी घेतली आणि हळूच म्हणाले, "पोरी, तू आधीच मला हे नीट सांगितलं असतंस तर."

"खिडकीतून सांगितलं होतं, काका," ती म्हणाली.

जूनमध्ये बोट निघाली. चाकाची खुर्ची डेकला चार पट्ट्यांनी बांधली होती आणि सेराफिमनी प्रत्येक गाठ स्वतः तपासली होती. बंदर सुटून वीस मिनिटं झाली नाहीत, तोच ओडिलियाचा चेहरा पिवळा पडला. उरलेला दिवस तिने बादलीसोबत काढला. दिनिशने सात मासे धरले, त्यातला एक हातभर लांब, आणि प्रत्येक माशाच्या वेळी मुद्दाम बहिणीला हाक मारली. तिनेही दर वेळी बादलीतून मान वर काढून बघितलं.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघं बसतात. दिनिश यादी सांगतो, ओडिलिया लिहून घेते, हरकती काढते, तो भांडतो, जमलं नाही तर वकीलबाईंना फोन लावतो. ऑगस्टच्या यादीत त्याने मोठा ढोल लिहायला लावला. हात नीट चालत नाहीत तर ढोल कशाला, असं ती म्हणाली. ढोल वाजवायला नीट हात लागत नाहीत, जोरात लागतात, असं तो म्हणाला. फोन लागला, आणि वकीलबाई दिनिशच्या बाजूने गेल्या. ओडिलियाने दुकानदाराला थेट पैसे भरले, पावती फाइलमध्ये लावली, आणि दिनिशच्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना, ढोलाच्या आवाजाची आगाऊ भरपाई म्हणून, स्वतः जाऊन एक गोड पाव देऊन आली.