घर क्रमांक एकशे चौदा

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. चिचटोल्यात मनकर्णाबाईंच्या परसात, शेवग्याच्या झाडाखाली मी उभी आहे. म्हणजे अर्धी उभी आहे. उरलेली अर्धी शेजारीच ढीग होऊन पडली आहे, त्यामुळे एकूण मी पूर्णच आहे म्हणायला हरकत नाही. माझ्या अंगावर लाल रंगानं ११४ हा आकडा लिहिला आहे. भट्टीला घरक्रमांक मिळणं हा मोठा मान आहे. असा मान मिळालेली दुसरी भट्टी मी पाहिलेली नाही. अर्थात मी परस सोडून कुठे गेलेलीही नाही.

माझ्या विटा माझ्यासाठी आणलेल्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते. त्या मनकर्णाबाईंच्या घराच्या मागच्या भिंतीसाठी होत्या. घर मातीचं. मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली, तिला दोन लाकडी बल्ल्यांचा टेकू. बाईंचे मालक मुखरूभाऊ यांनी मूल गावाहून धानाच्या कोंड्यावर भाजलेल्या विटा आणून परसात रचल्या आणि 'यंदा भिंत घेतो' असं तीन उन्हाळे म्हटलं. चौथ्या उन्हाळ्याआधी मुखरूभाऊ गेले. भिंत राहिली. आधी कोणी जायचं असतं याचं मातीच्या भिंतींना भान नसतं.

मुखरूभाऊंची मुलगी करिष्मा तेव्हा नागपूरला एका बेकरीत कामाला होती. दोन वर्षं तिनं पाव पिशवीत भरले. पाव करायला तिला कोणी शिकवलं नाही, पण डोळे बांधून ठेवायलाही कोणी सांगितलं नव्हतं. सगळं पाहून घेऊन ती गावी परत आली.

"माय, परसात भट्टी बांधू," ती म्हणाली. "पाव, टोस्ट, नानकटाई. आजूबाजूच्या आठ गावांत कोणाच्याच इथी नाई."

"विटा कोठून आणशीन?"

करिष्मानं विटांकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी भिंतीकडे पाहिलं.

"घे," बाई म्हणाल्या. "घरकुलात आपलं नाव येऊनच राह्यलं म्हनते सारे. सरकार पक्कं घर देईन, मंग ह्या मातीच्या भिंतीले विटा लावून काय करू?"

सगळं इथेच ठरलं, मित्रांनो. पण मी तेव्हा नुसत्या विटा होते. मला काही कळत नव्हतं.

मला बांधायला सिरोंच्याकडचे गवंडी पोचूभाऊ आले. त्यांनी आयुष्यात भट्टी बांधली नव्हती. संडास बांधले होते, साठेक.

"काय फरक हाय अम्मा?" ते म्हणाले. "चार भिंती, एक दार, वर पाईप."

"फरक हाय पोचूभाऊ," करिष्मा म्हणाली. "लय फरक हाय."

मग तिनं काडीनं मातीत चित्र काढून दाखवलं. आधी दगडाचा पाया. त्यावर विटांचा ओटा. ओट्यात वाळू, मीठ आणि फुटक्या काचा भरायच्या, म्हणजे उष्णता खाली पळून जात नाही. काचांसाठी गावात बाटल्या मागितल्या. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी एका दुपारीत दोन पोती बाटल्या निघाल्या. औषधाच्या असतील. मग ओट्यावर ओल्या वाळूचा गोल ढीग केला, त्यावर विटांचा घुमट रचला, वारुळाच्या मातीत गूळ आणि कोंडा कालवून सांधे भरले. आठ दिवसांनी माझ्या तोंडातून हात घालून ती वाळू बाहेर ओढली. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. घुमट पडला नाही. सगळ्यात जास्त आश्चर्य पोचूभाऊंना वाटलं.

घुमटाभोवती त्यांनी चौकोनी भिंती घेतल्या, वर टिन टाकलं, टिनातून धुराडं काढलं. हात सवयीचा, त्यामुळे समोर एक पायरी आणि दिव्यासाठी कोनाडाही करून टाकला. कोणीच सांगितलं नव्हतं. मी इतकी देखणी झाले की शेजारच्या लग्नाला आलेले एक पाहुणे सकाळीच हातात डबा घेऊन माझ्याकडे निघाले.

"अवो पाव्हणे!" मनकर्णाबाई धावल्या. "तिकडे नोका जाऊ, तिथी पाव हायेत!"

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. फार चांगल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. पहाटे करिष्मा माझ्यात लाकडं पेटवायची. घुमट आधी काजळून काळा व्हायचा, मग काजळी जळून पांढरा पडायचा. ती निखारे ओढून बाहेर काढायची आणि मूठभर पीठ आत फेकायची. पीठ लगेच करपलं तर थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर पाव आत सारायचे. दार लावायचं. मग दोघी मायलेकी पायरीवर बसून राहायच्या. तो वास असा होता की गावातली कुत्रीसुद्धा ओळीनं बसायची. भांडायची नाहीत.

थंडीत झाडीपट्टीची नाटकं लागली की नानकटाईची डबडीच्या डबडी जायची. नाटक रडवणारं असलं की जास्त खपायची. संध्याकाळी काम संपलं की मनकर्णाबाई माझ्या कोमट भिंतीला पाठ लावून बसायच्या.

"तुया बाप असता त म्हनला असता, भिंतीच्या विटा होत्या ह्या," त्या एकदा म्हणाल्या.

"मंग?" करिष्मानं विचारलं.

"मंग काय. भिंतच त हाय. टेकून बसलीच हावो ना मी."

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी घरकुलाचा सर्वे आला. सर्वेवाला धनराज नावाचा तरुण होता. वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. त्यानं मनकर्णाबाईंचं घर नीट पाहिलं, भिंतीचं सुटलेलं पोट पाहिलं, बल्ल्या पाहिल्या, "अरे बाप्पा" असंही म्हणाला. बाईंना फार समाधान वाटलं. आता फक्त घरासमोर बाईंना उभं करून फोटो काढायचा होता.

पण चिचटोल्यात मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी येते: माझ्या पायरीपाशी. का, ते कोणालाच माहीत नाही. मी धुराड्याला श्रेय देते.

"बाई, तुम्ही इथीच उभ्या राहा," धनराज म्हणाला. "समोर रेंज नाई, फोटोच चढत नाई."

"पण घर त तिकडे हाय भाऊ."

"ते मी लिहितो ना खाली. फोटो फकत तुमचा पायजे."

करिष्मा पाव पोचवायला शेजारच्या गावी गेली होती. मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आता नीट ऐका, मित्रांनो. भट्टीची ओळख तिच्या तोंडावरून होते. माझं तोंड बरोबर बाईंच्या पाठीमागे झाकलं गेलं. फोटोत आल्या त्या विटांच्या भिंती, वर टिन, पायरी, कोनाडा आणि प्रसन्न चेहऱ्याची मालकीण. फोटो चढला. धनराज खाली लिहायला लागला, तेवढ्यात त्याचा मोबाईल बंद पडला.

"जाऊ द्या, कचेरीत जाऊन भरतो," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्याची अजून दोन गावं व्हायची होती. पुढची माहिती कचेरीत दुसऱ्याच कोणीतरी फोटो पाहून भरली. भिंती: विटांच्या. छप्पर: टिनाचं. स्वयंपाकघर: धुराडं दिसतं, म्हणजे आहे.

महिनाभरानं एक माणूस लाल रंगाचा डबा घेऊन आला, कागद पाहिला आणि माझ्यावर ११४ लिहून गेला. मनकर्णाबाईंनी त्याला चहा आणि दोन टोस्ट दिले. यादी लागली, तेव्हा त्यांचं नाव तिच्यात नव्हतं. नावापुढे लिहिलं होतं: पक्कं घर आहे.

मायलेकी कचेरीत गेल्या. तिथलं मी पाहिलेलं नाही, पण करिष्मा भट्टी पेटवताना रोज तेच सांगायची. त्या दिवसांत मी लवकर तापत असे.

तिथल्या बाबूनं संगणक त्यांच्याकडे वळवला. "हे घर तुमचंच ना बाई?"

"हे भट्टी हाय बाबू. हिच्यात पोरगी पाव भाजते."

"तुम्ही नाई राहत हिच्यात?"

"राह्यली असती त भाजून नसती का निंगाली?"

बाबू हसला. मग म्हणाला, "तुमचं खरं असन. पण इथी पक्कं घर दिसून राह्यलं. ते दिसणं बंद झालं पायजे."

"बंद कसं होते?" करिष्मानं विचारलं.

"घर नसल्याचा फोटो आणा."

घर नसल्याचा फोटो कसा काढतात, यावर त्या दोघींनी परतीच्या वाटेवर खूप विचार केला. शेवटी करिष्मानं मातीच्या घराचा फोटो काढून नेला. बाबूनं तोही चढवला. आता बाईंच्या नावावर दोन घरं दिसू लागली.

"बाई, भट्टीच नसन त मी मोकळा हावो," तो कळवळून म्हणाला. "फोटोतलं घर जाग्यावर नाई, असं आलं पायजे."

त्या उन्हाळ्यात घराच्या मागची एक बल्ली वाकली.

"तोडून टाकू माय," करिष्मा म्हणाली.

"नोको. तुयं पोट हाय ते. मी काढले ना इतके साल त्या भिंतीखाली."

"म्हनूनच. घर भेटलं का विटा हायेतच, पुन्हा बांधू."

"अन् नाई भेटलं त?"

दुसऱ्या दिवशी करिष्मानं माझ्यात पाव भाजले, ते घरोघरी नेऊन वाटले, परत आली आणि भिंती फोडायची लोखंडी सब्बल उचलली. मी पूर्ण थंड होईपर्यंतही ती थांबली नाही. थांबली असती तर तिच्यानं झालं नसतं, असं मला वाटतं. आधी धुराडं पाडलं, मग घुमट. पोचूभाऊंचं काम इतकं पक्कं की अर्ध्यातच तिचे हात सोलून निघाले. काचांपर्यंत पोचल्यावर ती तिथेच ढिगावर बसली; आकडा लिहिलेली भिंत, तिच्या बाजूच्या अर्ध्या भिंती आणि थोडं टिन तेवढं उरलं. मनकर्णाबाई घराबाहेर आल्याच नाहीत.

मग कचेरीतून फोटो काढायला माणूस आला. फोटो लगेच चढला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: अर्जदारानं राहतं पक्कं घर स्वतःहून पाडल्याचं दिसतं, सबब अपात्र.

मित्रांनो, भट्टीला रडता येत नाही. आलं असतं तर ती आधी विझली असती.

आखाडात, धानाची रोवणी चालू असताना, भरदुपारी मागची भिंत पडली. मनकर्णाबाई शेतावर, धानाच्या बांधीत होत्या म्हणून वाचल्या. छपराचा मागचा भाग भिंतीबरोबर खाली आला. करिष्मानं ढिगातून भांडी काढली, माझ्या उरलेल्या टिनाखाली ताडपत्री बांधली, मायची खाट तिथे लावली आणि नागपूरला गेली. ती आता दुसऱ्याच कोणाच्या बेकरीत पाव पिशवीत भरते. तिथे म्हणे विजेवरची भट्टी आहे. बटण दाबलं की तापते. माझा त्यावर विश्वास नाही.

या वर्षी पुन्हा कसलासा सर्वे आला. या वेळी रंजीता नावाची मुलगी होती, नवा मोबाईल, नीटनेटकी. रेंज शोधत शोधत ती माझ्यापाशी पोचली.

"बाई, घर कोणतं तुमचं?"

मनकर्णाबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"हेच."

रंजीतानं आकडा वाचला, खाट पाहिली, चूल पाहिली, भिंती पाहिल्या आणि सगळी माहिती जागेवरच भरली. एकही चूक केली नाही. कागद आणि मी पहिल्यांदाच एकमेकांशी जुळलो.

थंडीत मनकर्णाबाई अजून सवयीनं माझ्या भिंतीला पाठ लावतात. थोडा वेळ थांबतात. मग उठून गोधडी घेतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या भट्टीचं तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. तुमच्या परसात भट्टी असेल तर पावसाळ्यात तिला झाकून ठेवा. थंड भट्टी एकदम पेटवू नका, तडकते. तिला कोनाडा, पायरी वगैरे मुळीच करू नका. तिला जितकी कुरूप ठेवाल तितकी ती जगेल. आणि कोणी मोबाईल धरून तुमच्या मायला म्हणालं, 'बाई, इथी उभ्या राहा,' तर तिच्या मागं काय आहे ते आधी बघा. मी असेन, तर तिला जरा बाजूला सरकवा.

माझं तोंड दिसू द्या.